दोन सोफे, एक सोपा

आमचा पहिला सोफा २०१९ च्या ऑगस्टमध्ये गेला, दुसरा २०२१ च्या जुलैत. दुसऱ्याचे सात हप्ते तेव्हा फेडायचे राहिले होते.

शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या बाजूला राहणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. पंचगंगा फुगली की जयंती नाल्याचं पाणी नदीत जात नाही, ते मागं फिरतं. आधी मोरीतून डोकावतं, मग सरळ दारातून आत येतं. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे आमच्या गल्लीतल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. ते ओसरल्यावर दार उघडलं तर सोफा हॉलमधून तरंगत जाऊन स्वयंपाकघराच्या दारात अडकला होता, चहा मागायला आल्यासारखा. चौघांनी मिळून तो रस्त्यावर टाकला. फोममध्ये एवढा गाळ बसला होता की उचलेना.

दुसऱ्या खेपेला मी रडकुंडीला आलो होतो. बायको खराटा मारत होती. मारता मारताच म्हणाली, "आता तिसरा आणायचा नाही. प्लास्टिकच्या चार खुर्च्या आणा. पाणी आलं की एकावर एक ठेवून माडीवर नेता येतात. आणि उरलेल्या पैशात कुठंतरी जाऊया. लग्न झाल्यापासून आपण कुठं गेलोय? पंढरपूर, तुळजापूर आणि तुमच्या भाच्याच्या लग्नाला बारामती."

"कुठं जायचं म्हणतीस?"

"पन्हाळा ते पावनखिंड. चालत."

मला वाटलं, पुराचा ताण डोक्यात गेलाय. पण तिनं बरेच दिवस मनात धरलेलं होतं. आमची मुलगी कॉलेजच्या ग्रुपबरोबर जाऊन आली होती, तेव्हापासून. त्या वाटेचा पुढचा अर्धा भाग शाहूवाडी तालुक्यातला. बायकोचं माहेर मलकापूरच्या पुढं, म्हणजे तिच्या दृष्टीनं ती माहेरचीच वाट.

आता कोल्हापूरच्या माणसाचं आणि पन्हाळ्याचं नातं काय, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पाऊस लागला की रविवारी गाडी काढायची, वीसेक किलोमीटर जायचं, तीन दरवाज्याजवळ धुक्यात फोटो काढायचे, कणीस खायचं, झुणका-भाकर खायची आणि अंधाराच्या आत घरी. बाजीप्रभूंच्या पुतळ्याला गाडीतूनच हात जोडायचे. मी त्रेपन्न वर्षांत शंभरदा तरी पन्हाळ्याला गेलो असेन. गड चालत उतरलो एकदाही नव्हतो. उद्यमनगरात माझं लेथ-मिलिंगचं छोटं शॉप आहे. तीस वर्षं मशीनपुढं उभं राहून पायांना उभं राहायची सवय भरपूर, चालायची बिलकूल नाही. पोट तर सगळ्यांना दिसतंच.

२०२१ चा जुलै गेला होता, त्यामुळं २०२२ चा जुलै ठरला. दरवर्षी त्या सुमाराला कोल्हापुरातून बरेच ग्रुप ही मोहीम काढतात, कारण महाराज पन्हाळ्यावरून निसटले ती तारीख १२ जुलै १६६०. आम्ही अशाच एका ग्रुपकडं नावं दिली. दोन दिवस, पन्नासेक किलोमीटर, जेवण आणि मुक्काम त्यांच्याकडं. फॉर्मवर एक रकाना होता, 'पूर्वीचा अनुभव'. मी 'नाही' लिहिलं. बायकोनं विचारलं, "शाळेला सहा किलोमीटर चालत जात होतो ते लिहायचं काय?"

तयारीला दीड महिना होता. पहाटे रंकाळ्याला फेरी, आधी एक, मग दोन. एका रविवारी घरापासून जोतिबापर्यंत चालत गेलो. तिथं मी पायरीवर बसलो तो तासभर उठलोच नाही आणि येताना वडाप धरलं. त्या दिवशी कळलं की चालताना पाय दमतात ते ठीक, पण खरी वाट लागते ती बोटांच्या बेचक्यांची आणि मांड्यांच्या आतल्या बाजूची. शॉपमध्ये कटिंग ऑइल, ग्रीस सगळं असतं, घर्षणाचं मला कोण शिकवणार? पण स्वतःच्या अंगाला खोबरेल लावायचं असतं हे डोक्यात आलं नव्हतं. ग्रुपमधल्या एका जुन्या माणसानं दोनच गोष्टी बजावल्या. नवे बूट घालून येऊ नका, आणि सॅकच्या आत सगळं प्लास्टिकच्या पिशवीत भरा, कारण 'वॉटरप्रूफ' हे फक्त दुकानात असतं.

पहिली सूचना मी पाळली, जरा जास्तच. माळ्यावर दहा वर्षं पडलेले बूट काढले. ती कथा पुढं येते.

निघायच्या दिवशी सकाळी सातला पुतळ्याजवळ जमायचं होतं. निघायला साडेनऊ वाजले. एक बस उशिरा आली, चहा संपला, माईक चालेना, मग चालला तो बंद होईना. ही दिरंगाई मला शेवटपर्यंत खटकली, कारण तिचा हिशेब आम्हाला रात्री अंधारात चुकवावा लागला. पण एकदा घोषणा झाल्या आणि रांग राजदिंडीच्या वाटेला लागली तसा आवाज आपोआप कमी झाला. याच वाटेनं महाराज उतरले असं मानतात. वाट म्हणजे ओल्या दगडांची घसरण. दोन्ही बाजूंना झाडी, आणि खाली काय आहे ते धुक्यानं झाकलेलं. मला सारखं वाटत होतं, हे रात्रीचं? पावसात? मशाली न लावता, सहाशे माणसं? मार्चपासून सिद्दी जौहरचा वेढा पडलेला. भर पावसाळ्यातही तो उठलेला नव्हता. पलीकडच्या बाजूनं शिवा काशीद महाराजांच्या वेषात पालखीत बसून वैऱ्याच्या हाती जायला निघालेला, आपलं काय होणार हे माहीत असून. शाळेत हे सगळं दहा मार्कांना होतं. उतरताना पाय थरथरले तेव्हा पहिल्यांदा ते मार्कांपलीकडं गेलं.

म्हाळुंगे मागं पडलं आणि चढून मसाई पठारावर आलो. या पठाराबद्दल कितीही लिहिलं तरी ते फोटोत दिसतं तसंच लिहिलं जातं, हिरवंगार वगैरे. आम्हाला हिरवं काही दिसलं नाही. पांढरं दिसलं. धुकं एवढं की पुढच्या माणसाची सॅक दिसायची, त्याचं डोकं नाही. खाली जांभा, त्यावर घोट्याएवढं पाणी साचलेलं आणि वारा असा की पावसाचे थेंब आडवे यायचे. एकाची छत्री उलटी होऊन हातातून गेली, ती कुठं गेली ते दिसलंसुद्धा नाही. पुढचा स्वयंसेवक शिट्टी मारायचा, मागचा तिला उत्तर द्यायचा, मधले सगळे त्या दोन शिट्ट्यांच्या मधून चालायचे. मसाईचं देऊळ तर वीस पावलांवर आल्यावर अचानक उभं राहिलं. देवळाच्या आडोशाला चटणी-भाकरी खाल्ली. भाकरी हातात भिजत होती, म्हणून घाईघाईनं खाल्ली. त्या भाकरीची चव मला आजही लागते. गेल्या महिन्यात एका लग्नात पाचशे माणसांबरोबर काय जेवलो ते मात्र विचारू नका.

पठार संपलं आणि खरी वाट सुरू झाली. खोतवाडी आणि पुढच्या वाड्या, त्यांच्या मधून जाणाऱ्या पाणंदी. शहरातल्या वाचकाला सांगतो, पाणंद म्हणजे दोन शेतांच्या बांधांमधली गाडीवाट. पावसाळ्यात ती वाट कमी आणि ओढा जास्त असते. जनावरं जाऊन येऊन चिखलाचा नुसता काला झालेला. अशाच एका पाणंदीत माझा उजवा बूट चिखलात राहिला आणि पाय बाहेर आला. बूट उपसून काढला तर तळवा अर्धा लोंबत होता. दहा वर्षांत सोल्यूशन वाळून त्याचा भुगा झालेला. मी एका पायावर उभा, आधार शोधायला गेलो आणि बूड टेकून जो बसलो तो कमरेपर्यंत आत. थंडगार चिखल कुठं कुठं शिरला ते लिहीत नाही. बायको मागं होती. तिनं आधी पोट धरून हसून घेतलं, मग हात दिला.

खिशात बाईंडिंग वायर होती. शॉपवाल्याच्या खिशात रुमाल नसेल, वायर असते. तळवा बुटाला चार वेढे देऊन पिळून बांधला, पकड नव्हती म्हणून दातानं ओढला. तो जोड दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत टिकला. आयुष्यात मी मायक्रॉनमध्ये मापं काढली, पण त्या चार वेढ्यांएवढा अभिमान मला कुठल्या जॉबचा वाटला नाही.

तिथून थोडं पुढं गेल्यावर रोप लावण चालली होती. सात-आठ बाया, डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी, वाकून ओळीत मागं सरकत होत्या. आमची चिखलानं माखलेली रांग बघून त्यांतली एक म्हातारी कंबर सरळ करून उभी राहिली.

"पावनं, किती पैसं भरल्यासा?"

मी आकडा सांगितला.

"आन् जेवाण?"

"त्यातच."

तिनं शेजारणीकडं बघितलं. "बघ गं, आपुन फुकट चालतोय रोज. ह्ये पैसं दिऊन चिखलात लोळाय आल्यात."

सगळ्या हसल्या, आम्हीही हसलो, पण मला ते लागलं. कारण खरंच होतं. ज्याला आम्ही मोहीम म्हणत होतो, ती त्या बाईची दळण आणायची वाट होती. तिच्या नातवंडांची शाळेची, आजाऱ्याला डोलीत घालून न्यायची. आम्हाला सोमवारी घरी जाऊन गरम पाण्यानं अंघोळ करायची होती म्हणून आमच्यासाठी ते साहस. दोन दिवसांच्या पाहुण्यानं साहस हा शब्द जपून वापरावा, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं. गेलो नसतो तर मात्र हे कोणी माझ्या तोंडावर सांगितलंही नसतं.

मी या विचारात, तेवढ्यात बायको सॅक बांधावर ठेवून शेतात उतरली.

"अहो, दहा मिनिटं थांबा," म्हणाली.

बांधावरून तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, एक मूठ उचलली. डाव्या हातात मूठ आडवी धरली आणि उजव्या हाताच्या अंगठ्यानं तीन-चार काड्या सोडवून, दोन बोटांत धरून, चिखलात खुपसल्या. बोटं बाहेर काढताना जराशी फिरवली, म्हणजे खळगा मिटतो आणि रोप तरंगत नाही. मग पुढची. मग पुढची. तिच्या हाताकडं मी बघतच राहिलो. सव्वीस वर्षं त्या हातानं चहा दिला, डबे भरले, शॉपची बिलं लिहिली, पुराचा गाळ काढला. एवढा वेग, एवढी सरळ ओळ त्या हातात आहे हे मला माहीत नव्हतं. तिनं कधी सांगितलं नव्हतं, आणि मी तरी कुठं विचारलं होतं? अठरा-वीस हात मागं सरकल्यावर तिनं वर बघितलं तेव्हा तिचा चेहरा लग्नाच्या आधीच्या एका फोटोतल्यासारखा दिसत होता. आमच्याकडं असलेला तसा तो एकमेव फोटो २०१९ च्या पाण्यात गेला.

म्हातारीनं तिची ओळ बघितली. "हात इसरला न्हाई," एवढंच म्हणाली. आणि आपल्या कामाला लागली.

सकाळच्या उशिराची परतफेड आता सुरू झाली. करपेवाडीच्या अलीकडंच अंधार पडला. बॅटरीच्या उजेडात पाऊस रेघारेघांचा दिसायचा आणि पायाखालचं काहीच नाही. माझं गुडघ्याचं दुखणं बोलायला लागलं होतं. मुक्कामाला वाडीतल्या लोकांनी आपापली घरं उघडून दिली होती. आम्हा बाराजणांना एका घराचा सोपा, म्हणजे पुढची ओसरी, मिळाली. शेणानं सारवलेली जमीन, कोपऱ्यात भाताची पोती, भिंतीपलीकडं गोठा. घरच्या वहिनींनी चुलीवरची नाचणीची भाकरी, उडदाची आमटी आणि वाफाळता भात वाढला. वैलाशेजारी आमचे मोजे वाळत घातले होते, त्यांचा वास त्या आमटीतही होता, आणि कोणी तक्रार केली नाही.

झोपताना बायको कुजबुजली, "सोफा गेला, पण सोपा मिळाला बघा."

भिंतीपलीकडं म्हैस रात्रभर रवंथ करत होती. तसला सावकाश, एका लयीचा आवाज मी आमच्या जुन्या शेपिंग मशीनचा ऐकलाय, दुसरा कशाचा नाही. चांगली झोप लागली.

दुसऱ्या दिवसाचं मी फार लांबवत नाही. सकाळी पाय जमिनीला लागेनात, मग लागले. पाटेवाडीच्या पुढं दाट जंगल लागलं आणि जळवा सुरू झाल्या. त्यांच्यासाठी मीठ आणि हळद पुरचुंडीत बांधून आणली होती, ती पुरचुंडी पहिल्याच ओढ्यात विरघळली. सॅकमध्ये सगळं प्लास्टिकच्या पिशवीत भरा, असं त्या जुन्या माणसानं सांगितलं होतं. मीठ मात्र मी खिशात ठेवलं होतं. ग्रुपमधला एक पोरगा प्रत्येक ओढ्यात आडवा होऊन रील काढायचा आणि प्रत्येक वेळी मागची रांग थांबायची. दुपारी त्याचा मोबाईल पाण्यात गेला. मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. पण नंतर तोच पोरगा एका दमलेल्या बाईंची सॅक स्वतःच्या सॅकवर घालून शेवटचे तीन किलोमीटर चालला. तेव्हा त्याच्याबद्दल काय मत ठेवावं ते ठरेना.

पांढरपाण्यावरून पावनखिंडीत पोचलो तेव्हा चार वाजले होते. पायऱ्यांवरून आणि मग लोखंडी शिडीवरून खाली उतरायचं. दोन्ही बाजूंना काळा कातळ, मधून पाणी घोंगावत चाललेलं. घोडखिंड हे तिचं जुनं नाव. बाजीप्रभू आणि बांदल मावळ्यांनी इथंच वाट अडवून धरली, महाराज विशाळगडावर पोचल्याच्या तोफा ऐकू येईपर्यंत. आम्ही दोन दिवसांत, जेवून-झोपून, बूट बांधत आलो. त्यांनी ते रात्रीतून केलं आणि इथं पोचल्यावर तलवार उपसली. वाचलेलं असतं सगळं. पण गुडघे सुजलेले असताना त्या कातळाला पाठ टेकून उभं राहिलं की 'लढले' हा शब्द किती जड आहे ते कळतं. आमच्यातल्या एका आजोबांनी गारद दिली. शेवटी त्यांचा आवाज फुटला. नंतर बराच वेळ कोणी बोललं नाही, रीलवाला पोरगासुद्धा.

बायको पाण्याच्या कडेला बसून हात धूत होती. मी जवळ गेलो.

"हे पाणी कुठलं हो?" तिनं विचारलं.

"कासारीचं. इथंच उगम."

"मग पुढं?"

"पुढं प्रयाग चिखलीला. तिथं भोगावती, कुंभी, तुळशी सगळ्या एकत्र येतात. मग पंचगंगा."

ती थोडा वेळ त्या पाण्याकडं बघत राहिली. ओंजळीत घेतलं, सोडलं.

"म्हणजे हेच आपल्या सोफ्यावर बसायला येतंय," म्हणाली.

एवढ्या गंभीर जागेत आम्ही दोघं हसू दाबायला लागलो आणि ते दाबेना. आजोबांनी वळून बघितलं, म्हणून मी खोकल्याचं नाटक केलं.

मलकापूरमार्गे बसनं रात्री कोल्हापूरला आलो. पुढचे चार दिवस मी माडीवरून उलटा उतरायचो, कठडा धरून, शिडी उतरल्यासारखा. शॉपमध्ये पोरं हसायची. बुटांचं काय करायचं, विचारलं तर बायको म्हणाली, वायरसकट ठेवा. तेव्हापासून ते माळ्यावर आहेत.

त्यानंतर दर पावसाळ्यात एक वाट असं चाललंय. तिसरा सोफा अजून आलेला नाही. कधीकधी पाहुणे प्लास्टिकच्या खुर्चीकडं बघून आमच्या धंद्याचा अंदाज बांधतात, त्याला इलाज नाही. लेथवर एक सवय लागते, प्रत्येक गोष्ट किती झिजली ते बघायची. जॉब मापात बसला की विसरायचा, हत्यार झिजलं की बदलायचं. ते दोन दिवस मी अधूनमधून असे काढून बघतो. झिज नाही. उलट माप वाढतंय, आणि हे कसं ते पुढं सांगतो.

२०२४ च्या जुलैत पंचगंगेनं पुन्हा ४३ फूट ओलांडले. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याचं कळलं तशी आमची आवराआवर सुरू झाली. खुर्च्या एकावर एक घालून माडीवर, गॅस वर, कागदपत्रं वर. अर्ध्या तासात खालचं घर रिकामं. रात्री गल्लीतली तीन कुटुंबं आमच्या माडीवर आली. लाइट गेलेली, मेणबत्ती लावलेली, खाली गटारीचा आवाज बदलत चाललेला. अशा वेळी सगळे मोबाईलमधला फुटांचा आकडा बघत बसतात आणि कोणाला झोप येत नाही. शेजारची लहान पोरगी घाबरून कुरकुरायला लागली, म्हणून बायकोनं तिला मांडीवर घेऊन पावनखिंडीची गोष्ट सुरू केली. म्हातारी आली, तरवा आला, म्हैस आली. आणि मग माझं पडणं आलं.

मी खरं तर एकदाच पडलो. २०२२ च्या दिवाळीत ती माहेरी सांगत होती तेव्हा दोनदा पडलो होतो. त्याच्या पुढच्या वर्षी मुलीच्या सासरी तीनदा. मी मध्ये बोलत नाही.

"किती झालं रे?" मी शेजारच्या पोराला विचारलं.

त्यानं मोबाईल बघितला. "त्रेचाळीस सहा."

"...आणि मग पुढच्या वळणावर," बायको सांगत होती, "हे चौथ्यांदा पडले."